शिकायला जायचंय म्हणून नोकरी सोडतेय, सरांना कधी सांगू?

अर्धाआराखडा | २३ मे, रात्री ११.४०

मंडळी, आधी परिस्थिती सांगते, मग प्रश्न. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एका लहान आर्किटेक्ट ऑफिसात चार वर्षं काम करतेय. सर धरून आम्ही नऊ माणसं. दुसऱ्या देशातल्या एका विद्यापीठात शहर नियोजनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, वर्ग १५ सप्टेंबरला सुरू होतात. पण प्रवेश अजून सशर्त आहे. भाषेच्या परीक्षेचा निकाल आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती ३० जूनपर्यंत पाठवायच्या, मग पक्कं पत्र, मग फीचा पहिला हप्ता, मग व्हिसा.

नेमणूकपत्रात नोटीस एक महिन्याची आहे. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला तरी हिशेबात बसतं. पण मन बसत नाही, कारण:

माझं शिफारसपत्र सरांनीच लिहिलंय, डिसेंबरात. अर्ज केलाय हे त्यांना माहीत आहे. त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रोज समोरासमोर बसून चहा घेतो आणि हा विषय टेबलाखाली असतो.

दुसरं म्हणजे एस्टिमेटचं काम ऑफिसात आम्ही दोघीच बघतो. दुसरी ऑगस्टच्या सुरुवातीला बाळंतपणाच्या रजेवर जातेय. आणि एका शाळेच्या इमारतीचं टेंडर २० ऑगस्टला भरायचंय.

आई म्हणते, ज्यांनी शिकवलं त्यांना अंधारात ठेवू नकोस, उद्याच सांग. भाऊ म्हणतो, महिना म्हणजे महिना, एक दिवस आधी सांगितलंस तर मूर्ख आहेस. तुम्ही काय केलं असतं?

---

तिरसट | २३ मे, रात्री ११.५२

करारात एक महिना आहे ना? मग एक महिना. ऑफिसला उद्या तुमची गरज संपली तर ते तीन महिने आधी चहावर सांगणार आहेत का? धागा बंद.

---

भिंगरी | २४ मे, सकाळी ७.१५

तिरसट यांची भाषा सोडली तर सहमत. माझा अनुभव सांगते, त्यावरून काय ते ठरवा.

मीही शिकायलाच नोकरी सोडली. नोटीस दीड महिन्याची होती, मी भाबडेपणाने साडेतीन महिने आधी तोंडी सांगितलं. मॅनेजरबाईंनी मिठी मारली, अभिनंदन केलं, टीमला पेढे. पुढच्या सोमवारी माझं नाव नव्या प्रोजेक्टच्या यादीतून गेलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पगारवाढी झाल्या, मला शून्य. हेही समजू शकते. पण त्यानंतर मला बोलावून सांगितलं की आता तुमच्याकडे फारसं काम नाही, तर या महिनाअखेरीस थांबू या. ‘तुम्ही तर जाणारच आहात’ हे वाक्य त्या बैठकीत मी चार वेळा ऐकलं.

वाईट कुणी नव्हतं हो. पण दोन महिन्यांचा पगार गेला, आणि तो माझ्या हॉस्टेलच्या अनामत रकमेसाठी धरलेला होता. काकाकडून उसने घ्यावे लागले. त्यामुळे माझं मत: जितक्या दिवसांचा पगार बुडाला तर परवडेल, तितकेच दिवस आधी सांगा.

---

अर्धाआराखडा | २४ मे, सकाळी ९.०५

@भिंगरी, बाप रे. मला दोन महिने बुडाले तर व्हिसासाठी दाखवायची रक्कमच जमणार नाही.

---

कागदोपत्री | २४ मे, दुपारी १.३०

पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे, त्यामुळे भावनेआधी कागद विचारतो. सवय.

‘नोटीस एक महिन्याची’ एवढ्यावर कुणीही सल्ला देऊ नये. कलमाचे नेमके शब्द इथे टाका (नावं वगळून). मला पुढच्या गोष्टी बघायच्या आहेत. महिना म्हणजे तीस दिवस की कॅलेंडरचा महिना? मोजणी राजीनाम्याच्या तारखेपासून, तो स्वीकारल्याच्या तारखेपासून, की महिन्याच्या पहिल्या तारखेपासून? नोटिशीत रजा घेतली तर नोटीस तेवढी लांबते का? नोटीस कमी पडली तर पगार भरून सुटता येतं का, आणि ते ठरवणार कोण?

लोकांना वाटतं हे बारकावे कोणी बघत नाही. वेळ आली की सगळेच बघतात.

दुसरं, ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जर्मनीत कायद्याने साधी मुदत चार आठवड्यांची, आणि नोकरी संपते ती महिन्याच्या १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला. तिथे राजीनामा कागदावर, सहीनिशी लागतो. ईमेलने पाठवला तर तो दिलाच नाही असं धरतात, आणि यात लोकांचे अख्खे महिने गेलेत. स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्यापासून नवव्या वर्षापर्यंत दोन, पुढे तीन. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे महिनाभर नोकरी झालेल्याने किमान एक आठवडा द्यायचा, करारात जास्त असेल तर जास्त. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कायद्याने काहीच द्यावं लागत नाही, दोन आठवडे हा निव्वळ रिवाज. त्यामुळे परदेशातला चुलतभाऊ ‘दोन आठवडे पुरेत’ म्हणाला तर त्याच्यासाठी ते पुरेच असतात.

तिसरं, तारखेला चिकटलेले पैसे. बोनस कधी जमा होतो, आणि त्या दिवशी ‘नोटिशीवर नसलेला कर्मचारी’ अशी अट आहे का? शिल्लक रजेचे पैसे मिळतात की रजा बुडते? ऑफिसने एखाद्या कोर्सची फी भरली असेल तर इतक्या वर्षांत सोडल्यास परत करायची अट आहे का? भारतात ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं दहा महिने झालेला माणूस ‘उद्या राजीनामा देतो’ म्हणाला की मी त्याला खुर्चीत बसवून पाणी देतो. तुमची चारच झालीत, तेव्हा तो प्रश्न नाही.

आरोग्य विमा ऑफिसचा असेल तर तो बहुधा शेवटच्या दिवशी संपतो आणि विद्यापीठाचा नोंदणीनंतर सुरू होतो. मधले दिवस उघडे पडतात, त्याची सोय करा.

---

तिरसट | २४ मे, दुपारी १.४१

एवढं वाचून होईपर्यंत नोटीस संपेल. (हलके घ्या.)

---

अर्धाआराखडा | २४ मे, रात्री १०.२०

कागदोपत्री, तुमचे पाय कुठे आहेत? नेमणूकपत्र चार वर्षांनी उघडलं. शब्द असे आहेत:

‘कर्मचाऱ्याने राजीनामा लेखी स्वरूपात द्यावा. सूचनेचा एक महिन्याचा कालावधी राजीनामा सादर केल्याच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून गणला जाईल. उभयपक्षी संमतीने हा कालावधी कमी करता येईल.’

म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिला असता तर?

---

साक्षेपी | २४ मे, रात्री १०.३३

तर मोजणी १ सप्टेंबरपासून आणि शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. वर्ग सुरू होऊन पंधरा दिवस झाले असते.

३१ जुलैला दिला तर ऑगस्ट हा नोटिशीचा महिना, ३१ ऑगस्टला मोकळ्या. १ जुलैला दिला तरी तेच, कारण मोजणी १ ऑगस्टपासूनच. १ ते ३१ जुलैमध्ये कधीही दिलात तरी कागदावर शेवट एकच. तुमच्या भावाचा ‘एक दिवस आधी’ इथे पूर्ण एक महिन्याला पडला असता.

---

अर्धाआराखडा | २४ मे, रात्री १०.३६

हात गार पडलेत.

---

मधलीसुट्टी | २५ मे, सकाळी ६.५०

हात गार पडू द्या, पण घाईने मे महिन्यातच राजीनामा टाकू नका. मी तसं केलं होतं.

सशर्त पत्र हातात आलं, मला तो प्रवेशच वाटला. ‘सशर्त’ हा शब्द मी वाचला होता, पण माझ्या डोळ्यांनी तो गिळला. लगेच राजीनामा, निरोपसमारंभ, भेट म्हणून एक सुंदर बॅग. मग कॉलेजकडून गुणपत्रिकेची पडताळणी अडकली, पक्कं पत्र उशिरा आलं, व्हिसाची मुलाखतीची तारीख वर्ग सुरू झाल्यानंतरची मिळाली. शेवटी प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा लागला. विद्यापीठाने ढकलू दिला हे नशीब, सगळीकडे तसं होत नाही.

जुन्या ऑफिसात फोन केला. माझ्या खुर्चीत नवा माणूस बसला होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. राजीनामा एकदा स्वीकारला की तो परत घेणं बहुतेक ठिकाणी त्यांच्या मर्जीवर असतं. ते वर्ष शिकवण्या घेऊन काढलं. ती बॅग अजून आहे, प्रवासाला मात्र कधी नेली नाही.

पैशांचंही बघा. कुठल्या देशात जाताय ते लिहिलं नाहीत, पण उदाहरणार्थ ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. शेवटचा पगार आणि ‘फुल अँड फायनल’चे पैसे त्या रकमेत धरले असतील तर ते नक्की कधी येणार ते आधी विचारा. हिशेब मिटायला महिना-दीड महिना सहज जातो.

---

अर्धाआराखडा | २५ मे, सकाळी ९.३०

म्हणजे माझी अडचण अशी झाली: पक्कं पत्र जुलैच्या मध्यात येईल, व्हिसा ऑगस्टमध्ये. आणि राजीनामा ३१ जुलैच्या आत द्यायलाच हवा. व्हिसा हातात यायच्या आधी उडी मारावी लागणार, दुसरा रस्ता दिसत नाही.

---

ओळंबा | २५ मे, रात्री ९.४५

मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूचा. अकरा माणसांचं ऑफिस चालवतो, तुमच्याच धंद्यातलं म्हणा. दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं, आता बोलतो.

खरं सांगायचं तर माणूस जाणार हे कळलं की मी काय करतो? पहिल्या दिवशी मनापासून आनंद होतो. दुसऱ्या दिवशी यादी करतो की याच्याकडे काय काय आहे. तिसऱ्या दिवसापासून नवं, लांब पल्ल्याचं काम त्याला देत नाही. पगारवाढीचा गल्ला मर्यादित असतो, तो थांबणाऱ्यांना जातो. भिंगरी यांना जे झालं त्यातला पहिला अर्धा भाग मीही केला असता. आधीच घरी पाठवणं केलं नसतं, पण हातात काम नसताना माझ्यावर ती वेळ आलेली नाही, म्हणून छातीठोकपणे बोलत नाही.

आता दुसरी बाजू. एस्टिमेटचा माणूस महिन्यात मिळत नाही. जाहिरात, मुलाखती, आणि जो पसंत पडतो तो स्वतः कुठेतरी नोटिशीवर असतो. महिना द्या, दोन द्या, तुम्ही असेपर्यंत नवा माणूस येऊन तुमच्या शेजारी बसेल हे शक्य नाही. लांब नोटीस दिली की सोपवणी नीट होते असं लोक समजतात. माझ्याकडे एकाने तीन महिने दिले. पहिले अडीच महिने त्याने नेहमीचंच काम केलं आणि शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईने फायली लिहिल्या. दुसरीने फक्त महिना दिला, पण ती गेली तेव्हा प्रत्येक शीटच्या वर लिहिलेलं होतं की हा दर कुठून घेतला, हा आकडा का वाढवला, या ठेकेदाराशी काय बोलणं झालंय. तिची आठवण आजही निघते, त्याची निघत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, सरांना सांगण्याआधीच काम लिहायला घ्या. उद्यापासून. त्यासाठी राजीनामा लागत नाही, परवानगीही लागत नाही. रजेवर जाणारी सहकारी निघण्याआधी तिच्या डोक्यातलंही काढून घ्या, ते तर सर स्वतःच सांगतील. कुणाला संशय यायचं कारण नाही, बाळंतपण हे निमित्त आयतंच आहे.

शिफारसपत्राबद्दल. मी आजवर सहा-सात लिहिली असतील. लिहिताना माहीतच असतं की हे पत्र चाललं तर हा माणूस जाणार. तुमचे सर विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना प्रश्न पडलेला नाही असा नव्हे. बहुधा ते अवघडलेत. विचारलं तर घालवायची घाई दिसते, नाही विचारलं तर बेपर्वाई. पत्र लिहिणाऱ्याला निकाल कळवायचा, हे ऋण आहे. राजीनामा हा वेगळा कागद. पक्कं पत्र आलं की निकाल तोंडी सांगा, आणि त्याच बैठकीत शेवटची तारीख तुमच्या तोंडून जाऊ द्या. तारीख समोरच्याने सुचवली की ती त्याच्या सोयीची असते.

---

तिरसट | २५ मे, रात्री १०.०२

@ओळंबा, छान लिहिलंय, पण एक गोष्ट. ‘निकाल तोंडी सांगा, राजीनामा वेगळा’ हे मालकाला सोपं. तोंडी कळलं की तुमची यादी दुसऱ्या दिवशी तयार, पगारवाढ गेली, आणि तिच्या हातात मात्र कागद काहीच नाही. माणुसकी एका बाजूला आणि जोखीम दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू आहे.

---

ओळंबा | २५ मे, रात्री १०.२०

बरोबर आहे. म्हणून मे महिन्यात सांगा म्हणालो नाही. जुलैत सांगा म्हणतोय, जेव्हा राजीनामा तसाही दोन आठवड्यांवर आलेला असेल. तेवढ्या दोन आठवड्यांची जोखीम त्या पत्राच्या बदल्यात घ्यावी असं मला वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर नसेल.

---

तिरसट | २५ मे, रात्री १०.२४

दोन आठवडे मान्य. मेमध्ये सांगायला सांगितलं असतंत तर भांडलो असतो.

---

शेवटचाबाक | २६ मे, सकाळी ८.१०

दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून.

३१ ऑगस्टला सुटका आणि १५ सप्टेंबरला वर्ग, मधले दोन आठवडे पुरेसे वाटतात, प्रत्यक्षात नाहीत. मी शुक्रवारी लॅपटॉप परत केला आणि मंगळवारी वर्गात बसलो. पहिले तीन आठवडे प्राध्यापक काय बोलत होते मला आठवत नाही, मी डोक्यात जुन्या ऑफिसचे मेल लिहीत होतो. राहण्याची जागा, बँक खातं, नोंदणी, हे सगळं वेगळंच. उभयपक्षी संमतीचं वाक्य तुमच्या कलमात आहे, तर २०-२२ ऑगस्टला सोडा म्हणून विचारून बघा. टेंडर २० ला जातंय, म्हणजे मागणी अवाजवी नाही.

दुसरं, सर म्हणतील ‘तिकडून थोडं थोडं काम करत राहा’. हे ऐकायला गोड असतं. विद्यार्थी व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवी किंवा वरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. जुन्या ऑफिसचं घरबसल्या केलेलं काम त्यात मोजतात का, ते हो म्हणण्याआधी त्या देशाच्या नियमांत वाचा. आणि मोजत नसतील तरी मी म्हणेन नको. पहिल्या सेमिस्टरला तर नकोच.

---

भिंगरी | २६ मे, सकाळी ८.४०

दुसऱ्या मुद्द्याला +१००. आमच्या वर्गात एकजण दोन्ही करत होता. दोन्हीकडून ओरडा खायचा बिचारा.

---

अर्धाआराखडा | १८ जुलै, रात्री ११.१५

धागा वर आणतेय, कारण अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं तरी देणं लागते.

मेपासून शीट लिहायला घेतली. ओळंबा, तुमचं म्हणणं मला तेव्हा सोपं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळलं की निम्मे दर मी ‘नेहमीचे’ म्हणून टाकते आणि ते नेहमीचे का, हे मलाच सांगता येत नाही. एका प्लास्टरच्या दरामागे चार वर्षांपूर्वीचा एक फोन निघाला.

९ जुलैला पक्कं पत्र आलं. त्या रात्री झोप नाही. १० ला सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले, ‘सर, डिसेंबरात तुम्ही पत्र लिहिलं होतंत, त्याचा निकाल आलाय’ अशी सुरुवात पाठ केली होती. सर म्हणाले, ‘बस.’ मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, ‘कुठलं?’ नाव सांगितलं. ‘चांगलं आहे.’ एवढंच. मी घाबरून पुढचं भराभर बोलले: शेवटचा दिवस २२ ऑगस्ट ठेवायची इच्छा आहे, टेंडर मी भरून देईन, राजीनामा याच महिन्यात देते.

२२ ला नाही म्हणाले. ३१ ऑगस्टच. टेंडर उघडल्यावर शंका येतात, त्यांची उत्तरं द्यायला कोण असणार? त्यात तथ्य आहे, मला आधी सुचलं नव्हतं. मी हो म्हटलं. शेवटचाबाक, माफ करा, दोन आठवड्यांतच जगावं लागणार.

व्हिसा अडकला तर मुदत वाढवाल का, हेही विचारलं. म्हणाले, ‘अर्थात.’ हे लेखी मागायचं धाडस झालं नाही. कागदोपत्री, रागावू नका.

१६ ला राजीनामा दिला. कागदावर, सहीनिशी, पोच घेऊन. पत्रात शेवटची तारीख स्पष्ट लिहिली, तेवढं तरी केलं.

---

कागदोपत्री | १९ जुलै, सकाळी ७.५५

रागावलो नाही, पण अजून वेळ गेलेली नाही. राजीनाम्याची पोच मिळालीय, तर आभाराचा एक साधा मेल टाका. ‘१० तारखेच्या बोलण्यात प्रवासाच्या परवानगीला उशीर झाल्यास शेवटचा दिवस पुढे नेण्याची तयारी दाखवलीत, त्याबद्दल आभारी आहे.’ मागणी नाही, भांडण नाही, नोंद राहते. उत्तर आलं नाही तरी चालेल.

---

तिरसट | १९ जुलै, सकाळी ८.०१

हे खास. जपून ठेवतो.

---

मधलीसुट्टी | १९ जुलै, सकाळी ९.२०

मेल टाकाच. आणि व्हिसा येईपर्यंत निरोपसमारंभाला होकार देऊ नका.

---

अर्धाआराखडा | ९ ऑगस्ट, रात्री १०.५०

व्हिसा ६ तारखेला आला!

मेल टाकला होता. सरांचं उत्तर एका शब्दाचं: ‘ठीक.’ त्या एका शब्दावर तीन आठवडे शांत झोपले.

सहकारी रजेवर गेली. तिने जाताना तिच्या वहीचे फोटो काढू दिले, त्यात अशा खुणा आहेत ज्या फक्त तिलाच कळतात, त्यांचा अर्थ फोनवर विचारून लिहून काढला.

आणि एक गंमत. गंमत म्हणावी का कळत नाही. माझ्या जागेची जाहिरात आली. दोन माणसं हवीत. दोघांनाही पगार माझ्यापेक्षा जास्त.

---

भिंगरी | ९ ऑगस्ट, रात्री १०.५८

अभिनंदन व्हिसाबद्दल! जाहिरातीबद्दल मात्र मी दोन दिवस चिडून राहीन, तुमच्या वतीने.

---

ओळंबा | १० ऑगस्ट, सकाळी ६.४०

व्हिसाबद्दल अभिनंदन. जाहिरातीबद्दल आमच्या बाजूने काही बोलायला जागा नाही. माझ्याकडेही असं झालंय. माणूस गेल्यावरच त्याच्या कामाचं वजन करतो आम्ही.

---

अर्धाआराखडा | ३० ऑगस्ट, रात्री ९.३०

उद्या शेवटचा दिवस. टेंडर २० ला गेलं, २६ ला शंका आल्या, अकरा होत्या. त्यातल्या नऊंची उत्तरं माझ्या नोंदींत सापडली, दोन शोधायला दिवस गेला. सर बरोबर होते, २२ ला गेले असते तर अडकले असते लोक. दोनपैकी एक माणूस मिळालाय, तो ऑक्टोबरात येणार. कारण तो नोटिशीवर आहे.

ऑफिसचा लॅपटॉप उद्या परत करायचाय. त्याआधी काय काय करून घेऊ?

---

कागदोपत्री | ३० ऑगस्ट, रात्री ९.४४

सगळ्या महिन्यांची पगारपत्रकं आणि कर कापल्याचे कागद स्वतःच्या मेलवर घ्या. ऑफिसची रेखाचित्रं मात्र एकही घेऊ नका, पोर्टफोलिओसाठी हवी असतील तर लेखी परवानगी मागा. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर उद्याच मिळतंय का बघा, आणि हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नाव, पद, दोन्ही तारखा. फुल अँड फायनलची अंदाजे तारीख मेलवर विचारून ठेवा.

---

तिरसट | ३० ऑगस्ट, रात्री ९.५०

नवा माणूस ऑक्टोबरात फोन करेल. दोनदा उचला. तिसऱ्यांदा शीटच्या कितव्या ओळीत आहे ते सांगा.

---

अर्धाआराखडा | ३१ ऑगस्ट, रात्री ८.१५

पगारपत्रकं घेतली. हिशेब महिन्याभरात म्हणालेत. शाळेच्या कामाची तीन चित्रं वापरायची परवानगी मागितली, सरांनी पाच दिली. उभं राहून वाचायला सांगितलंत म्हणून वाचलं: अनुभवपत्रावर रुजू झाल्याचं साल चुकलंय, एक वर्ष कमी धरलंय. सर निघून गेले होते. परवा पुन्हा जायचंय बदलून घ्यायला.